‘नामधारी’ की ‘नामशेष’?

प्रश्न असा आहे: अल्जीरियातल्या तिमगाद, म्हणजे पूर्वीचं थामुगादी, या रोमन शहराच्या अवशेषांवर लिहिताना ‘थामुगादीचा माजी कॅथलिक धर्मप्रांत’ म्हणावं, की ‘नामधारी धर्मप्रांत’?

‘धर्मप्रांत’, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश, हा शब्द उत्तम, वसईकडे तो रुळलेलाच आहे. ‘माजी’ मात्र नको. माजी आमदार, माजी विद्यार्थी, असं ते माणसांना शोभतं. जागेला आपण ‘पूर्वीचा’ म्हणतो, आणि इथे तेही पुरत नाही.

सम्राट ट्रेजननं इ.स. 100 मध्ये निवृत्त सैनिकांसाठी थामुगादी वसवलं. 256 साली कार्थेजला भरलेल्या धर्मसभेत इथला बिशप नोव्हाटस हजर होता. पुढे गाव ओस पडलं, मातीखाली गेलं. आज तिथे काटकोनात आखलेले रस्ते आहेत, कमान आहे, नाट्यगृह आहे; वस्ती नाही. पण रोमच्या कॅथलिक चर्चनं धर्मप्रांताचं नाव पुसलं नाही. बिशप म्हटला की त्याला कुठला तरी धर्मप्रांत हवा, हा जुना दंडक. सहायक बिशपाला किंवा पोपच्या राजदूताला स्वतःचा धर्मप्रांत नसतो, म्हणून त्याला असं एखादं ओस नाव देतात. मुंबईच्या सहायक बिशपांनाही अशीच नावं मिळत आली आहेत.

मग ‘नामधारी’ का नको? कारण त्या शब्दात आपल्याकडे तुच्छता आहे. नामधारी अध्यक्ष म्हणजे खुर्ची त्याची, कारभार दुसऱ्याचा. गोव्यातल्या दिवाडीचे मातेउश द कास्त्रु 1637 मध्ये क्रिसोपोलिसचे बिशप झाले. ते नाव दूरच्या मुलखातलं, पण जबाबदारी आदिलशाही मुलखाची, आणि ती खरीखुरी. त्यांना नामधारी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ‘मानद’ही चालणार नाही, या बिशपांची दीक्षा पूर्ण असते.

माझं मत ‘नामशेष’ला. वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ ‘समूळ नष्ट’ असा करून टाकला आहे, पण शब्द फोडून पाहा: नाम हेच ज्याचं शेष, म्हणजे ज्याचं फक्त नाव उरलं आहे ते. दिवंगतांना ‘कीर्तिशेष’ म्हणतो तेव्हा ‘शेष’चा हाच अर्थ आपल्या मनात असतो. थामुगादीचं नेमकं हेच झालं. फक्त विशेषण धर्मप्रांताला लावा, बिशपांना नाही: ‘थामुगादी या नामशेष धर्मप्रांताचे बिशप’. पहिल्या उल्लेखापाशी ‘म्हणजे केवळ नावानं उरलेल्या’ एवढं जोडलंत, की पुढे खुलासा करावा लागणार नाही.