नेत्राणीला स्कूबा आणि "थोडी सर्दी": माझा कान गेला होता म्हणून लिहितोय

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि लगेच उत्तर द्यायला बसलो होतो, पण रागात काहीतरी लिहिलं जाईल म्हणून थांबलो. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचं, शनिवारी सकाळी कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून बोटीने नेत्राणी बेट, रविवारी दुपारी गोव्याहून विमानाने परत, दोघांचे पैसे भरून झालेत. आणि खाली तुम्ही लिहिलंय की तीन दिवसांपासून थोडी सर्दी आहे, गोळी घेऊन डाईव्ह केली तर चालेल का, बुकिंगवाले म्हणतायत काही होत नाही. हे "काही होत नाही" मला २०१९ च्या जानेवारीत फोनवर असंच ऐकवलं होतं, बेट पण तेच आणि बोट पण मुरुडेश्वरचीच.

उत्तर आधीच देतो. नका करू. जायचं तर जा, बोटीत बसा, बेट बघा, बायकोला डाईव्ह करू दे, पण शनिवारपर्यंत नाक आणि कान गोळीशिवाय पूर्ण मोकळे झाले नसतील तर तुम्ही पाण्याखाली जाऊ नका.

मी डॉक्टर नाही, इन्स्ट्रक्टर पण नाही, हे आधीच सांगतो. माझ्या प्रकारानंतर दीड वर्षाने डॉक्टरांची परवानगी घेऊन रीतसर कोर्स केला आणि तेव्हापासून मालवण, नेत्राणी, अंदमान धरून चाळीसेक डाईव्ह झाल्यात, तेवढाच अनुभव. पोहता येत नसलं तर चालतं का, कपडे कुठले घालायचे, हे सगळीकडे लिहिलेलं सापडतं, त्यात शिरत नाही.

तर माझं काय झालं. आम्ही कोल्हापूरहून जाणार होतो, पाच आठवडे आधी बुकिंग, दोघांचे मिळून साडेनऊ हजार. बुधवारी घसा धरला, गुरुवारी नाक बंद. मी बुकिंगच्या ऑफिसला फोन केला (नाव देत नाही, द्यायचं पण नाही) आणि विचारलं की तारीख पुढच्या आठवड्यात ढकलता येईल का. पलीकडचा माणूस म्हणाला, सर, तारीख बदलत नाही, रिफंड पण नाही, आणि सर्दी कुणाला नसते, नाक मोकळं करायची एक गोळी घ्या, आमचे लोक रोज असेच जातात. मी दोनदा विचारलं की कानाला काही त्रास होणार नाही ना, दोन्ही वेळा म्हणाला काही होत नाही. मी विश्वास ठेवला, कारण मला वाटलं की हा डाईव्हिंगवाला माणूस आहे. तसं नव्हतं. हे लोक फक्त बुकिंग घेतात आणि आपलं कमिशन कापून पुढे पाठवतात, बसतात दुसऱ्याच गावात, यांनी कधी तोंडात रेग्युलेटर (टाकीतली हवा घ्यायचं तोंडातलं यंत्र) धरलेला नसतो. नंतर प्रत्यक्ष बोटीवरच्या लोकांशी बोलणं झालं तेव्हा कळलं की त्यांना आदल्या दिवशी सांगितलं असतं तर त्यांनी तारीख बदलून दिली असती, सर्दीवाल्याला खाली न्यायला त्यांनाच नको असतं. मी चुकीच्या माणसाला विचारत बसलो होतो.

पण सगळा दोष त्या ऑफिसवर टाकणार नाही, कारण सगळ्यात मोठी चूक माझीच आहे आणि ती मी जमिनीवर उभा राहून केली. सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर एक फॉर्म देतात. दमा आहे का, हृदयाचा त्रास, फिट्स, ऑपरेशन, आणि त्यातच कान, सायनस, सध्या सर्दी आहे का. मी शिंकत होतो आणि "नाही"वर टिक केली. बायको शेजारी उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं जाऊ दे, एवढ्या लांब आलोय. तो फॉर्म लोक हॉटेलच्या रजिस्टरसारखा भरतात, न वाचता खाली सही. अहो, त्या एका कागदावरून इन्स्ट्रक्टर ठरवतो की तुम्हाला किती सावकाश न्यायचं, न्यायचं की नाही. खोटं लिहिलं की तो बिचारा अंधारात.

बेट मुरुडेश्वरपासून साधारण १९ किलोमीटर आत आहे, आमच्या बोटीला सव्वा तास लागला. शंकराची १२३ फुटी मूर्ती मागे लहान लहान होत जाते आणि मग नुसता समुद्र. बेट जवळ आलं की सरळ उभे कडे दिसतात, बोटीतून उतरायला वाळूबिळू काही नाही, वर समुद्री गरुड घिरट्या घालत असतात. मी सकाळी गोळी घेतली होती, नाक मोकळं वाटत होतं, म्हणजे सगळं ठीक असं धरून चाललो.

इथे थोडं समजून घ्या, कारण "आम्ही फार खोल जात नाही सर" हे तुम्हालाही सांगितलं असणार. पाण्यावर आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो, १० मीटरवर तो दुप्पट होतो. म्हणजे कानाच्या पडद्यामागे जी हवा असते ती १० मीटरवर निम्म्या जागेत दबते. पुढच्या १० मीटरला दाब दुप्पटीवरून तिप्पट होतो, म्हणजे प्रमाणात बदल कमी. कानाला सगळ्यात जास्त ताण पहिल्या काही मीटरमध्येच असतो, त्यामुळे फक्त सहा मीटर, फक्त आठ मीटर याला काही अर्थ नाही, कान तिथेच जातो. पडद्यामागून एक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते, तिच्यातून हवा आत सोडून आपण दाब सारखा करतो, त्यालाच इक्वलाईज म्हणतात. सर्दीत ती नळी सुजलेली असते. नाक श्वासाला मोकळं वाटलं म्हणजे नळी उघडली असं नाही.

बोटीच्या नांगराच्या दोराला धरून आम्ही खाली जायला लागलो. एका हाताने दोर, दुसऱ्या हाताने मास्कवरून नाक दाबायचं आणि हळूच फुंकायचं. उजवा कान खुट् करून उघडला, डावा नाही. दोन मीटरवर डाव्या कानात बोट दाबून धरल्यासारखं वाटलं. चार मीटरवर दाभण. इन्स्ट्रक्टरने माझ्यासमोर येऊन अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल केला, ठीक का? खाली पोपटमासे खडक खरवडत होते, त्यांचा कुरकुर आवाज उजव्या कानात येत होता आणि डाव्यात काहीच नव्हतं. आणि मी पण गोल करून दाखवला. ठीक. त्याच वेळी पंजा आडवा हलवून कानाकडे बोट दाखवलं असतं तर त्याने मला मीटरभर वर नेलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती. सकाळपासून जे खोटं बोलत आलो होतो तेच पाण्याखाली हाताने बोललो.

मग मी नाक दाबून जोरात फुंकलं. जोरात. कानात कागद फाटल्यासारखा आवाज झाला, दुखणं एकदम थांबलं, आणि कानाच्या आत गार पाणी गेलेलं कळलं. लगेच सगळं फिरायला लागलं. समोरचा दोर आडवा दिसत होता, वर कुठे आणि खाली कुठे काही कळत नव्हतं, फक्त बुडबुडे कुठल्या दिशेला जातायत तेवढं दिसत होतं. पडद्याला भोक पडून गार पाणी आत गेलं की असं होतं, ते पाणी अंगाइतकं गरम झालं की चक्कर ओसरते. पण तो मिनिटभर आयुष्यात विसरणार नाही. इन्स्ट्रक्टरने जॅकेटचा पट्टा घट्ट धरला, मला दोराला चिकटवलं आणि डोळ्यात डोळे घालून श्वास घ्यायला लावत राहिला, मग अगदी सावकाश वर आणलं. मास्क काढला तर आत रक्त होतं. त्याने विचारलं, "सर्दी थी क्या?" मी मान हलवली. तो काहीच बोलला नाही.

त्यानंतर दोन महिने. कोल्हापुरात कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याला भोक आहे, आपोआप भरेल, पण कानात पाण्याचा थेंब जायला नको, नाक जोरात शिंकरायचं नाही, मनाने कुठले थेंब टाकायचे नाहीत. भोक सात आठवड्यांनी भरलं, पण कानातला शिट्टीसारखा आवाज पावसाळ्यापर्यंत राहिला. रात्री सगळं शांत झालं की तोच ऐकू यायचा. मुलीला पोहायला शिकवायचं त्या उन्हाळ्यात ठरलं होतं, ते राहिलं, ती दुसऱ्यांकडे शिकली. हे मला त्या साडेनऊ हजारांपेक्षा जास्त लागलं. विम्याचं पण सांगतो, क्लेम टाकला तर किनाऱ्यावरच्या फॉर्मची प्रत मागितली आणि त्यात मीच सर्दी "नाही" लिहिलेलं, विषय संपला. तुमच्या पॉलिसीत साहसी खेळ धरलेत का ते आत्ताच उघडून बघा, बऱ्याच पॉलिसीत नसतात.

गोळीबद्दल माझं स्पष्ट मत आहे, डॉक्टर वेगळं सांगू शकतील तर त्यांचं ऐका. गोळीचा जोर काही तासांचा असतो. समजा तिच्यामुळे खाली गेलात, कान उघडले, आणि खाली असतानाच जोर उतरला. आता वर येताना आतली हवा फुगते आणि नळी परत बंद. याला रिव्हर्स ब्लॉक म्हणतात, आणि हा जास्त वाईट, कारण खाली जाताना दुखलं तर माणूस वर येऊ शकतो, वर येताना दुखलं तर हवा संपेपर्यंतच खाली थांबता येतं.

आता तुम्ही आज काय करायचं. बुकिंगवाल्याला सोडा, त्याच्याकडून फक्त मुरुडेश्वरला नेमकं कोण डाईव्ह करवणार आहे त्या सेंटरचा नंबर घ्या, आणि तिथल्या इन्स्ट्रक्टरशी स्वतः बोला. सर्दी आहे म्हणून स्पष्ट सांगा, तारीख बदलून द्याल का ते मेसेजवर विचारा म्हणजे लेखी राहील. नाहीच दिली तर तुमचे पैसे बुडतील, तुमच्या एकट्याचेच, बायकोचे नाही. पहिल्या डाईव्हला तसंही प्रत्येकाबरोबर इन्स्ट्रक्टर असतो, तिला तुमची सोबत लागत नाही. "तू नाही तर मी पण नाही" असं तिने म्हटलं तर तिला पाठवा, ती वर येऊन जे सांगेल ते ऐकायला पण मजा येते (माझी बायको त्या दिवशी गेली नाही, मला बोटीत धरून बसली होती, ते मला अजून खातं).

बाकी थोडं सुटं सुटं.

पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे "मस्त" नाही, "मला वर जायचंय". फोटोच्या नादात लोक अंगठा दाखवतात आणि इन्स्ट्रक्टर त्यांना घेऊन वर येतो.

विमानाचं तुमचं गणित बरोबर आहे. एकाच साध्या डाईव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाईव्ह असतील तर किमान १८ तास थांबायला सांगतात, तुमच्याकडे शनिवार दुपार ते रविवार दुपार आहे. पण लोक घाट विसरतात, उंचीवर दाब कमी होतो तो विमानात तसा घाटातही. आम्ही त्याच संध्याकाळी अंकोल्याहून अरबैल घाट चढून यल्लापूर, हुबळी, बेळगाव करत परत आलो, तिकडे ६०० मीटरच्या वर चढतो आपण, आणि फुटलेल्या कानाने तो घाट कसा चढलो ते मलाच माहीत. गाडीने जाणाऱ्यांनी डाईव्हनंतरची रात्र खालीच काढावी असं मी सगळ्यांना सांगतो. आणि सर्दी असेल तर विमान उतरतानाही कान दुखतात, च्युइंगम ठेवा, गिळत राहा.

बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच ठरवा, काही गोळ्यांनी झोप येते आणि झोपाळलेला माणूस पाण्याखाली नको. उपाशी जाऊ नका, दोन इडल्या खा, तेलकट नको. बोटीत मध्यभागी बसा, इंजिनच्या धुराकडे नाही, आणि मोबाईलमध्ये न बघता क्षितिजाकडे बघा.

हंगामाचं म्हणाल तर पावसाळ्यात बंदच असतं, डिसेंबर-जानेवारीत पाणी सगळ्यात स्वच्छ मिळतं असा माझा अनुभव. त्यामुळे तारीख पुढे ढकलली म्हणून तुमचं नुकसान होत नाहीये, मे येईपर्यंत भरपूर शनिवार आहेत. मुलांना नेणाऱ्यांसाठी, पाडी (PADI, डाईव्हिंग शिकवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) च्या पद्धतीत वय किमान १० लागतं आणि पहिल्या अनुभवाची डाईव्ह १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. कुणी "अजून खाली नेतो, जादा पैसे द्या" म्हटलं तर तिथून निघा. आणि पहिल्यांदाच करताय तर माझ्या मते आधी तारकर्लीला एमटीडीसीच्या सेंटरमध्ये टँकमध्ये सराव करून घ्या, कान उघडायची सवय टँकमध्ये लागलेली बरी. समुद्रात पहिल्याच दिवशी मासे बघायचे, श्वास सांभाळायचा आणि कानपण, हे फार होतं. ज्यांना जमतं त्यांना जमतं, मला जमलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी, कुठलीही गोळी किंवा स्प्रे न घेता, नाक चिमटीत धरून आवंढा गिळून बघा. दोन्ही कानात खुट् व्हायला पाहिजे, एकात नाही, दोन्हीत. दहा मिनिटांनी परत बघा. काय झालं ते इथेच लिहा, मी संध्याकाळी सहानंतर बघतो, निघायच्या आधी उत्तर मिळेल.