शेवटून पहिला येणाऱ्याला पहिली पसंती का? एनबीए ड्राफ्टबद्दल थोडं सविस्तर

एनबीए ही अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिथल्या संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायची पद्धत, जास्त हरलेल्याची पाळी आधी. तुमच्या मुलाचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण पोराने नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय. "सगळ्यात जास्त मॅच हरलेल्या टीमला सगळ्यात भारी नवा प्लेअर मिळणार असेल, तर टीम मुद्दाम नाही का हरणार?" हरतात की! एनबीएच्या ड्राफ्टचे निम्मे नियम याच एका खोडीवरचा उतारा म्हणून आलेत, आणि दर वेळी कोणी ना कोणी नवी पळवाट शोधली आहे.

पण आधी तुमचा स्वतःचा प्रश्न घेतो: आयपीएलसारखा सरळ लिलाव का नाही? लिलावात पैशाची बोली लागते. ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. ३० संघ, दोन फेऱ्या, एकूण ६० नावं. (एखाद्या वर्षी एकदोन कमी असतात, कारण नियम मोडल्याबद्दल लीगने कुणाची तरी पाळी काढून घेतलेली असते.) आपली पाळी आली की संघ एक नाव सांगतो. त्यातून त्याला मिळतो तो त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क, बाकीच्यांनी मध्ये पडायचं नाही. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगारही तो कितव्या नंबरवर निवडला गेला त्यावरून जवळपास ठरलेला असतो. पहिली दोन वर्षं पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. दुसऱ्या फेरीत तेवढीही हमी नाही.

हा पगाराचा तक्ता १९९५ साली आला. त्याच्या आदल्या वर्षी पहिल्या नंबरवर निवडलेल्या ग्लेन रॉबिन्सनने एनबीएत एकही सामना खेळण्याआधी १० वर्षांचा ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळवला होता, तेव्हा मालकांचे डोळे पांढरे झाले. आजचा हिशोब बघा. २०२३ चा पहिला नंबर व्हिक्टर वेम्बन्यामा, पहिल्या वर्षी त्याला साधारण १ कोटी २० लाख डॉलर. त्याच हंगामात मुरलेला स्टार स्टेफ करी, त्याला ५ कोटींच्या वर. म्हणजे ड्राफ्टमध्ये सापडलेला हिरा चार वर्षं स्वस्तात पडतो आणि वाचलेल्या पैशात बाकीचा संघ उभा करता येतो. हरण्याचा मोह एवढा मोठा का, ते इथे कळतं.

आता मुलाच्या प्रश्नाकडे. १९८४ पर्यंत पहिल्या नंबरसाठी दोन्ही विभागांतल्या तळाच्या संघांमध्ये चक्क नाणं उडवायचे. ह्यूस्टनने १९८३ ला नाणेफेक जिंकून राल्फ सॅम्पसन घेतला. पुढच्या हंगामाच्या शेवटी पुन्हा ह्यूस्टन धडाधड हरू लागलं. एका सामन्यात तर ३८ वर्षांच्या एल्विन हेजला त्यांनी जादा वेळ धरून पूर्ण ५३ मिनिटं पळवलं! पुन्हा नाणं त्यांच्याच बाजूने पडलं आणि हकीम ओलाजुवॉन मिळाला. नाणेफेक हरलेल्या पोर्टलंडने दुसऱ्या नंबरवर सॅम बोवी घेतला, कारण त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर आधीच होता, त्याच जागेवरचा अजून एक कशाला हवा? तो अजून एक म्हणजे मायकल जॉर्डन. शिकागोने तिसऱ्या नंबरवर उचलला.

ह्यूस्टनच्या या प्रतापावर बोंब झाली आणि १९८५ ला लॉटरी आली. सात संघ, सात पाकिटं, सगळ्यांना सारखी संधी. पहिला नंबर न्यूयॉर्कला गेला, पॅट्रिक युइंग त्यांचा झाला, आणि त्यांचं पाकीट हाताला ओळखू यावं म्हणून फ्रीजमध्ये गार करून ठेवलं होतं, नाही त्याचा कोपरा मुद्दाम दुमडला होता, या गप्पा आजही चालू आहेत. (मला विचाराल तर निव्वळ टाइमपास.) खरा वांधा वेगळाच होता. तळाला बरोबरीत असलेलं गोल्डन स्टेट थेट सातव्या नंबरवर घसरलं. म्हणून १९९० पासून जास्त हरणाऱ्याला जास्त संधी दिली. तर १९९३ ला ४१ जिंकून ४१ हरलेल्या ऑरलँडोला ६६ मधल्या १ संधीवर पहिला नंबर लागला, तीही आदल्याच वर्षी शकील ओनील मिळालेला असताना. मग तळाच्या संघाची संधी वाढवून २५ टक्के केली. त्याचा फायदा फिलाडेल्फियाने असा उठवला की २०१३ पासून तीन हंगाम ते जवळजवळ धोरण म्हणूनच हरत राहिले, २०१५-१६ मध्ये ८२ पैकी फक्त १० जिंकले. जोएल एम्बीड आणि बेन सिमन्स मिळाले खरे, पण त्या जोडीने एकदाही कॉन्फरन्स फायनल (म्हणजे लीगची उपांत्य फेरी) गाठली नाही.

२०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखेच १४ टक्के. यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू, त्यातले चार काढायचे. अशा १००१ चौकड्या होतात. त्यातली ११-१२-१३-१४ बाद, उरलेल्या १००० प्लेऑफ (म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी) हुकलेल्या १४ संघांत वाटलेल्या: तळाच्या तिघांना प्रत्येकी १४०, सगळ्यात कमी हरलेल्याला फक्त ५. सोडत बंद खोलीत होते, आत बसलेल्यांचे मोबाइल काढून घेतात, आणि टीव्हीवर आपल्याला दिसतो तो नुसता पाकिटं उघडण्याचा सोहळा. सोडतीने पहिले चार नंबर ठरतात, पुढचे हरण्याच्या क्रमाने. त्यामुळे तळाचा संघ जास्तीत जास्त पाचव्यावर घसरतो. घसरतो म्हणजे खरंच घसरतो: २०२३ आणि २०२४ ला डेट्रॉइट, २०२५ ला यूटा, तिन्ही वर्षं तळाचा संघ पाचवा. उलट २०२५ ला डॅलसला १.८ टक्क्यांवर पहिला नंबर लागला आणि कूपर फ्लॅग मिळाला. त्याआधी तीनच महिने त्यांनी आपला सगळ्यात मोठा स्टार लुका डोन्चिच याला लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडे पाठवून शिव्या खाल्ल्या होत्या. तेव्हा मुलाला सांगा, मुद्दाम हरता येतं, पण त्याचं फळ मिळेलच असं आता राहिलेलं नाही.

नंबर लागला तरी निवडायचं कुणाला, हा आणखी मोठा जुगार. पोरं जेमतेम १९ वर्षांची (अमेरिकन मुलाला शाळा संपून एक वर्ष झालेलं असावं लागतं). शिकागोत त्यांची उंची, पसरलेल्या हातांची लांबी, उडी सगळं मोजतात, तरी चुकतं. २००९ ला मिनेसोटाकडे लागोपाठ पाचवा आणि सहावा नंबर होता. दोन्ही वेळा त्यांनी पॉइंट गार्ड (संघाचा खेळ रचणारा खेळाडू) घेतला, रिकी रुबियो आणि जॉनी फ्लिन. सातव्यावर गोल्डन स्टेटने घेतला तोही पॉइंट गार्ड, नाव स्टेफ करी. आणि २०१४ ला ४१ व्या नंबरवर डेन्व्हरने निकोला योकिच घेतला तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती, तो स्वतः सर्बियात झोपला होता. पुढे तीनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू.

या पाळ्या विकता-बदलताही येतात, अगदी पुढच्या अनेक वर्षांच्या. क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी १९८० नंतर त्या इतक्या उधळल्या की लीगला मध्ये पडावं लागलं. तेव्हापासून नियम: पुढच्या सलग दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या एकदम देऊन टाकायच्या नाहीत. नियमाला नावच स्टेपियनचं पडलंय, बिचाऱ्याची कीर्ती अशी उरली.

खेळाडू नाही म्हणू शकतो का? संघाने करार देऊ केला तर वर्षभर बाहेर बसून पुढच्या ड्राफ्टमध्ये परत येता येतं, पण तेवढा धीर कोणाला? बहुतेक वेळा रुसून दुसऱ्या संघाशी अदलाबदल (ट्रेड) करून घेतात. १९९९ ला स्टीव्ह फ्रान्सिसला व्हँकुव्हरला जायचं नव्हतं, तो ह्यूस्टनला गेला.

राहता राहिला "ड्राफ्टमध्ये, एनबीएत आपलं भारतातलं कोणी?" हा प्रश्न. खेळाडूंत सतनाम सिंग, पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच. २०१५ ला डॅलसने त्याला ५२ व्या नंबरवर घेतलं. ड्राफ्ट झालेला भारतात जन्मलेला तो पहिला, पण एनबीएचा सामना काही त्याच्या वाट्याला आला नाही. मालकांत मात्र थेट मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे, २०१३ पासून सॅक्रामेंटोचे. २०१८ ला त्यांचा संघ लॉटरीत सातव्यावरून दुसऱ्यावर उडी मारून आला, आणि त्यांनी मार्विन बॅगली घेऊन डोन्चिचला सोडून दिलं. तेव्हा संघाची सूत्रं व्लादे दिवाचकडे होती. हाच तो दिवाच, १९९६ ला शार्लटने १३ व्या नंबरवर निवडलेल्या कोबी ब्रायंटच्या बदल्यात लेकर्सने ज्याला देऊन टाकलं होतं.