एस.टी. वेळेवर आली, तर दुकानदाराला काय?

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझे कापडाचे दुकान आहे. आमच्या भागातील एस.टी.च्या फेऱ्या कधी उशिरा येतात, तर कधी ऐनवेळी रद्द होतात. याबाबत व्यापारी संघटनेने आगाराला निवेदन द्यावे, असे काही तरुण सभासदांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. गिऱ्हाईक आता दुचाकीवर येते. तेव्हा निवेदन द्यायचेच, तर ते पार्किंगसाठी द्यावे. माझे काही चुकते का?
— एक व्यापारी, मराठवाडा

उत्तर : पार्किंगची मागणी रास्त आहे आणि ती सोडावी असे मी म्हणणार नाही. मात्र आपल्याकडे दुचाकीवर कोण येते, हे एकदा नीट पाहावे. ज्या घरात एकच दुचाकी असते, तिथे ती सकाळीच कमावत्या माणसाबरोबर निघून जाते. आहेराची लुगडी, मुलांचे गणवेश किंवा लेकीची साडीचोळी घ्यायला निघालेल्या बायका आणि म्हातारी माणसे एस.टी.चीच वाट पाहतात. कापडाच्या दुकानाचे गिऱ्हाईक याहून वेगळे ते कोणते? 17 मार्च 2023 पासून महिलांना एस.टी.च्या तिकिटात 50 टक्के सवलत आहे, पण फेरी रद्द झाली की त्याच बाईला काळी-पिवळीत पूर्ण भाडे मोजून, तेही दाटीवाटीने, यावे लागते.

आठवडी बाजाराच्या दिवशी शेवटच्या गाडीचा भरवसा असेल, तर गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत निवांत बसते. तो नसेल, तर चार वाजल्यापासूनच तिचे निम्मे लक्ष स्टँडकडे असते, आणि गादीवर दहा-पंधरा साड्या उलगडून पडलेल्या असताना ती "पुढच्या बाजारी बघू" म्हणत पिशवी उचलते. आपले दुकान किती वाजेपर्यंत चालते, हे अशा वेळी आपण नव्हे, तर आगार ठरवते.

नोकरांचे तर याहून वाईट. एस.टी.चा मासिक पास 20 दिवसांच्या भाड्यात 30 दिवस चालतो, म्हणजे रोज येणाऱ्याला तो परवडायला हवा. पण सकाळची गाडी आठवड्यातून दोनदा आलीच नाही, तर पास खिशात असूनही त्याला काळी-पिवळीचे पैसे द्यावे लागतात, आणि वर उशीर झाला म्हणून हजेरी कापली जाते ती वेगळीच. (ही कात्री बहुतेक दुकानांत मालकच चालवतो, हेही सांगितले पाहिजे.) अशी माणसे टिकत नाहीत, मग मालक गावातलाच मुलगा शोधतो आणि खेड्यातला हुशार विक्रेता त्याच्या हातून जातो.

मुंबईत मार्च 2020 मध्ये लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली, तेव्हा डबेवाल्यांचे कामही थांबले. ऑफिसे बंद होती हे खरे, पण पुढे ऑफिसे हळूहळू उघडू लागल्यावरही लोकलच्या वेळापत्रकावर बेतलेला तो व्यवसाय गाडीवाचून उभा राहणे कठीण होते. आपल्याला इतके लांब जाण्याची गरज नाही. एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप नोव्हेंबर 2021 पासून एप्रिल 2022 पर्यंत लांबला होता. त्यामागच्या मागण्यांचा विचार वेगळा. पण त्या महिन्यांतील बाजारदिवसांची विक्री आपल्या वह्यांत नोंदलेली असेलच. कोरोनाचा परिणाम त्यातून वेगळा काढणे अवघड असले, तरी ती पाने एकदा उघडावीत.

निवेदनात "फेऱ्या वाढवा" असे मोघम लिहू नये. गाड्या आणि कर्मचारी कमी असले की आगाराला कोणती तरी फेरी रद्द करावीच लागते. तेव्हा ती दुपारची असावी, दुकाने उघडण्याआधी पोहोचणारी सकाळची गाडी आणि बाजारच्या दिवसाची शेवटची गाडी मात्र कधीही रद्द होऊ नये, एवढेच मागावे. जिथे मुक्कामी गाडी बंद झाली आहे, तिथे ती पुन्हा सुरू करण्याची मागणी जोडावी, कारण पहाटे गावातूनच सुटणारी गाडी तालुक्याहून येणाऱ्या गाडीवर अवलंबून राहत नाही. सोबत महिनाभराची तारीखवार नोंद आणि वाटेवरच्या ग्रामपंचायतींचे ठराव जोडून निवेदन आगार व्यवस्थापकांना द्यावे व त्याची प्रत विभाग नियंत्रकांना पाठवावी. पार्किंगचे निवेदन वेगळे करून नगरपालिकेला द्यावे. तो विषय आगाराच्या हातातला नाही.