लंडनचा नागरिक की लंडनकर?

आपल्या सोलापुरातल्याच एका ताईंचा प्रश्न आहे: मुलगा लंडनला नोकरी करतो, पासपोर्ट भारताचाच, पण तिथल्या निवडणुकीत मत देतो. मग ‘तो लंडनचा नागरिक आहे’ म्हटलं तर चुकलं का?

ताई, शब्दाचं मूळ पाहिलं तर चुकलं नाही. नागरिक म्हणजे नगरातला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर ‘नागरिक’ हा नगराचा कारभार पाहणारा अधिकारी आहे. (महापौरातला ‘पौर’ही पुरात राहणाराच.) पण आज कायद्यात नागरिकत्व देशाचं असतं, शहराचं नसतं. त्यामुळे तुमचं वाक्य ऐकणारा धरून चालेल की पोरानं ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं. आणि ते घेतलं की आपलं जातं. भारताचा कायदा दोन्ही ठेवू देत नाही.

जग इकडचं तिकडं झालं आणि मोठ्या शहरांत मत, मुक्काम आणि पासपोर्ट यांची फारकत झाली. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून ब्रिटनमध्ये रीतसर राहणारा भारतीय पालिकेच्याच काय, संसदेच्या निवडणुकीतही मत देतो. ॲमस्टरडॅममध्ये पाच वर्षं रीतसर राहिलेल्या परदेशी माणसाला पालिकेपुरतं मत आहे. न्यूयॉर्कनं २०२१ मध्ये तसाच कायदा केला, तो कोर्टात टिकला नाही. दुबईत उभा जन्म काढूनही बहुतेकांना नागरिकत्व मिळत नाही. या सगळ्यांना एक ‘नागरिक’ शब्द कसा पुरणार?

लिहिताना मी ‘भारताचा नागरिक, लंडनचा रहिवासी आणि मतदार’ असं लिहीन. लांबतं, पण त्यात गफलत होत नाही.

बोलताना मात्र आपला ‘-कर’ मला फार जवळचा वाटतो. आमच्या पूर्व भागात मागावर चादरी, टॉवेल विणणारी पद्मशाली घरं मूळची तेलंगणाकडची. शेजारच्या आजी नातवाला तेलुगूत रागावतात, लगेच वळून भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करतात. ‘आजी, तुमचं गाव कुठलं?’ विचारलं तर म्हणतात, ‘हेच की! सोलापूर.’ त्या सोलापूरकर कधी झाल्या, याची नोंद कुठल्याच दप्तरात नसेल.

तेव्हा ताई, खुशाल ‘लंडनकर’ म्हणा. फक्त आधी फोनवर त्याला विचारून घ्या. तो अजून स्वतःला सोलापूरकरच म्हणवत असेल.