एकाच मजकुरावर सगळ्यांनी टिपा काढत वाचलं तर खरंच जास्त समजतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की, पाच-सहा जणांचा वाचन गट सुरू करताना सगळ्यांनी एकाच मजकुरावर टिपा लिहिल्या तर समज वाढते की नुसता गोंधळ होतो, आणि सुरुवात कुठून करावी. मी कोल्हापुरात अशाच एका गटात वाचतो. समज नक्की वाढते. अट एकच: प्रत्येकानं आधी घरी, दुसऱ्याचं काहीही न बघता, स्वतःच्या टिपा लिहायच्या आणि मगच कागद एकत्र आणायचे. हा क्रम मोडला की गटात ज्याच्या शब्दाला वजन असतं तो बोलतो, बाकीचे माना हलवतात, आणि सहा जण बसूनही वाचन एकाचंच होतं.

राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा राखीव जागांचा आदेश आम्ही असा वाचला, त्याचं उदाहरण देतो. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले होते आणि इकडं करवीर सरकारच्या गॅझेटात हा आदेश निघाला. मागास वर्गांना पन्नास टक्के जागा, एवढं कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. मूळ मजकूर मात्र फार थोड्यांनी डोळ्याखालून घातलेला असतो, आणि तो अगदी छोटा आहे.

पन्नासच्या आकड्यावर सगळ्यांचीच रेघ होती. पुढं मात्र ज्याचं त्याचं वाचन वेगळं. गटातल्या कायदा शिकणाऱ्या मुलीनं लिहिलं होतं, ‘हे पन्नास टक्के एकूण नोकऱ्यांचे नाहीत, यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांचे आहेत. मग आधीच भरलेल्या कचेऱ्यांचं काय?’ तिच्याच प्रश्नाचं उत्तर आदेशात पुढं आहे: ज्या कचेरीत मागास वर्गांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची. ही दोन वाक्यं एकमेकांना धरून आहेत, हे तिच्या टिपेमुळं सगळ्यांना दिसलं.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक काका आमच्यात आहेत. त्यांची रेघ सगळ्यात शेवटी होती. सर्व खातेप्रमुखांनी केलेल्या नेमणुकांचं तिमाही पत्रक पाठवावं, असं तिथं म्हटलंय. बाकीच्यांनी ती ओळ कारकुनी समजून सोडून दिली होती. काकांनी शेजारी लिहिलं होतं, ‘सगळा जीव इथं आहे.’ बसल्यावर त्यांनी समजावलं की वरून नुसता हुकूम आला तर खालचा माणूस तो फायलीत लावून मोकळा होतो. पण दर तीन महिन्यांनी आकडे भरून पाठवायचे म्हटलं की साहेबाला रकाना कोरा ठेवता येत नाही. आदेश लिहिणाऱ्याला कचेरी आतून माहीत होती, असं त्यांचं म्हणणं. एकट्यानं दहादा वाचूनही मला हे सुचलं नसतं, कारण मी कधी पत्रक भरलेलं नाही. ज्यानं आयुष्यभर जे काम केलं, ते त्याला मजकुरात दिसतं. म्हणून गटात सगळे एकाच कॉलेजातले, एकाच पेशातले घेऊ नका.

एका शिक्षिकेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आदेशात ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागास, अशी व्याख्या आहे. ‘इतर पुढारलेले कोण, हे ठरवणार कोण?’ असं तिनं समासात लिहिलंय. तो प्रश्न आम्ही तसाच राहू दिला. सगळं त्याच बैठकीत मिटवायची घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे. एखादा उघडा प्रश्न पुढच्या वाचनाला कामाला येतो.

टीप कशी असावी? ती ठरावीक शब्दाला किंवा ओळीला चिकटलेली हवी. ‘छान’, ‘पटलं नाही’ असं पानाच्या डोक्यावर लिहून कुणाचंच भलं होत नाही. कुठला शब्द अडला, कुठं शंका आली, दुसरीकडं वाचलेलं काय आठवलं, हे त्या जागी लिहा. आणि खाली नाव घाला. महानुभाव पंथाच्या लोकांनी हे फार सुंदर केलंय. म्हाइंभटांनी पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या आठवणी अनेकांकडून गोळा केल्या आणि लीळाचरित्राच्या पोथ्यांत एकाच प्रसंगाचे वेगवेगळ्यांनी सांगितलेले पाठ त्या त्या माणसाच्या नावानिशी टिकून राहिले. कुणाचं खरं, याचा निकाल लावून बाकीचं पुसून टाकलं नाही. तुमच्या गटातही दोन अर्थ निघाले तर दोन्ही नावासकट ठेवा. आमच्या ज्ञानेश्वरीच्या वाचनात काही ओव्यांशेजारी तीन-तीन अर्थ आहेत आणि मला ते कागद जपून ठेवावेसे वाटतात.

साहित्य साधंच. ग्रंथालयाच्या पुस्तकावर पेन्सिलीनंही लिहू नका. आमचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे. तिथली जुनी पुस्तकं पुढच्या वाचकांचीही आहेत. दोन-तीन पानांची झेरॉक्स काढा, ती मोठ्या कागदाच्या मधोमध चिकटवा, चारी बाजूंनी लिहायला जागा मिळते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटलेली असतील तर हक्काचीही अडचण येत नाही, म्हणून सुरुवात जुन्या मजकुरापासून करा. एका बैठकीला दोन पानं पुष्कळ झाली. अख्खी कादंबरी घेतलीत तर टिपा पातळ होतात आणि लोक गळतात. बैठकीत आधी सगळ्यांच्या टिपा नुसत्या वाचून दाखवायच्या, मध्ये कुणी बोलायचं नाही. जे चारचौघांत तोंड उघडत नाहीत त्यांचंही म्हणणं त्यामुळं पुढं येतं. आमच्यातल्या सगळ्यात अबोल मुलाच्या टिपा सगळ्यात नेमक्या असतात.

गावं वेगवेगळी असतील तर गूगल डॉक्सच्या कमेंट चालतात. वेबपानावर किंवा पीडीएफवर गटापुरत्या टिपा लिहायच्या असतील तर हायपोथेसिस नावाचं मोफत साधन आहे. पण मराठीत एक अडचण लक्षात ठेवा: जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ बहुतेक वेळा नुसते फोटो असतात, त्यामुळं शब्द निवडताच येत नाही; आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुरातला शब्द निवडला तर भलतीच अक्षरं येतात. अशा वेळी दोन पानं स्वतः टाइप करून घ्या. टाइप करणाऱ्याचं पहिलं वाचन तिथंच होऊन जातं, म्हणून हे काम दर वेळी वेगळ्या माणसाकडं द्या.