आधी गाणं पुरं होऊ दे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुम्ही चौघांनी पाठवलेली पाचही गाणी ऐकली. दोनदा हेडफोन लावून आणि एकदा मेथी निवडता निवडता, फोनच्या स्पीकरवर. मेथी निवडताना ऐकलं तेच मी जास्त धरतो, कारण बहुतेक लोक तुमची गाणी तशीच ऐकतील. तिसरं, सांजेचं गाणं दिवसभर डोक्यात घोळत राहिलं. म्हणून आज त्याच्याबद्दलच लिहितो.

कोणता माईक घ्यावा हे तू विचारलं आहेस. त्याकडे येतोच, पण आधी त्या गाण्याचं दुसरं कडवं बघ. तिथे लय चढते. त्यावरून तुमच्यात वाजलं आणि सगळ्यांनी काहोन, म्हणजे तो हातांनी वाजवायचा लाकडी खोका, वाजवणाऱ्याला धारेवर धरलं, असं तू लिहिलंस. मी बोटांवर मात्रा मोजत चार वेळा ऐकलं. त्या पोराची काहीही चूक नाही. पहिल्या कडव्यात तुझी ओळ आहे ‘दारात उभी सांज’. अक्षरं सात. दुसऱ्यात त्याच जागी येतं ‘खिडकीच्या गजाआड सांज’. अक्षरं दहा. केरवा तालाच्या त्याच आठ मात्रांत तीन अक्षरं जास्तीची बसवायची म्हणून तू धावतेस, आणि तुला सांभाळायला तो धावतो. शिवाय तुझी चाल पहिल्या अक्षरावर रेंगाळते. ‘दा’ दीर्घ आहे, त्याला ते शोभतं. ‘खि’ ताणला की त्याची ‘खीडकी’ होते, आणि नेमकी ओळीची सुरुवातच कानाला खटकते. ओळ पुन्हा लिही. खिडकी ठेव, नाहीतर गज ठेव. हे काम वही, पेन्सिल आणि टाळी एवढ्यावर होतं.

मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा आम्ही चौघं मिरजेत सतारमेकर गल्लीजवळच्या एका माडीवर वाजवायचो. आमच्याकडे दोन कॅसेट डेक होते. एकावर पेटी आणि गिटार भरायची, मग ती कॅसेट वाजवत तिच्यासोबत गायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या डेकवर भरायचं. बासरीसाठी ती नवी कॅसेट पहिल्या डेकमध्ये घालून पुन्हा तेच. प्रत्येक फेरीला खरखर वाढायची आणि पहिली वाद्यं आणखी मागे जायची. एकदा बासरीच्या फेरीला लक्षात आलं की दोन्ही डेकचा वेग सारखा नाही. गाणं जवळजवळ पाव सुराने वर सरकलं होतं. बासरी कुठल्याच बाजूने जुळेना, तासभर फुंकून तो मित्र रडकुंडीला आला. सगळं पुसून पहिल्यापासून भरावं लागलं. त्यानंतर आम्ही आधी बसून ठरवायला लागलो, कोणी कुठे वाजवायचं आणि कोणी कुठे हात आवरायचा, कारण एकदा मिसळलेलं वेगळं काढायची सोयच नव्हती.

तुमच्या लॅपटॉपवर हवे तेवढे ट्रॅक मिळतात, म्हणून तुम्ही हे ठरवणं पुढे ढकलत राहता. सांजेच्या गाण्यात मी चार गिटारी मोजल्या. त्यातल्या तीन एकच कॉर्ड एकाच जागी वाजवतात. माझं ऐक, पहिलं कडवं नुसत्या पेटीवर गा. गिटार ध्रुवपदाला आत येऊ दे, म्हणजे ती आल्याचं कळेल. आणि साडेसहा मिनिटं फार होतात. 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची आणि मराठी भावगीत त्याच मापात वाढलं. तुमच्यावर ते बंधन नाही, तरी मधला दीड मिनिटाचा तुकडा काढून एकदा वाजवून बघा. मला खात्री आहे, कोणालाच तो आठवणार नाही.

आता सुराचं. तुझ्या बहिणीची पेटी नेहमीच्या 440 हर्ट्झच्या मापाची नाही, किंचित वर आहे. पेटीचे सूर काही रोज हलवता येत नाहीत, म्हणून गिटारने पेटीकडे यायचं. ट्यूनर अॅपमध्ये 440 बदलून 442, 443 करून बघा. पेटीचा षड्ज आणि गिटारची तार एकत्र वाजवल्यावर जी लाट ऐकू येते ती थांबली की समजा जुळलं. आणि पट्टी तुझ्या गळ्याची, म्हणजे काळी चार, तीच ठेव. गिटारवाल्याला पहिल्या घरावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून ‘जी’ (G) पट्टीचेच कॉर्ड धरता येतील. त्याच्या सोयीसाठी तू खाली उतरू नकोस. खालच्या सुरात तुझे शब्द विझतात.

माईकबद्दल थोडक्यात. तुमच्या हॉलमध्ये कंडेन्सर, म्हणजे फार तिखट कानाचा माईक, नको. तो गल्लीतली स्कूटर, वरच्या मजल्यावरचं मिक्सर, सगळं टिपतो. एसएम 58सारखा डायनॅमिक माईक घे, तो जवळचंच जास्त ऐकतो, तोंडापासून चार बोटांवर धर, खोलीचा कोपरा टाळ, पाठीमागे गोधड्या टांग. पंखा बंद. रेकॉर्डिंग 24 बिटवर भरा आणि आवाजाचा मीटर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू दे, लाल दिवा नको. मागे जी घूं ऐकू येते ती बहुधा चार्जरची असेल. गाताना लॅपटॉप बॅटरीवर चालव.

एक गोष्ट कागदावर लिहून चौघांनी सह्या करा. प्रत्येक गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची. 1957च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे धरलेले आहेत. आज मैत्री घट्ट आहे, म्हणून आजच लिहा. ज्या कवीची कविता तुला चालीत बांधायची आहे, त्यांच्या वारसांची परवानगी आधी घे. कवी गेल्यानंतरही 60 वर्षं हक्क राहतो.

आमच्या माडीच्या खिडकीतून एका कारागिराचं दुकान दिसायचं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंज, काढताना तो तारा टेकतात त्या घोडीवर कानस अगदी हलकी फिरवायचा, तार छेडायचा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत मान कलती करून बसायचा. मग पुन्हा एक हलका हात. त्याचा निम्म्याहून जास्त वेळ नुसता ऐकण्यात जायचा. तुमच्या तालमीत तीन तासांत एकदाही कोणी नुसतं ऐकत बसलं नाही, हे मला तुझ्या पत्रातून दिसलं. तालीम फोनवर भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाने आपापल्या घरी ऐका. आपलं वाद्य सोडून दुसऱ्याच्या वाद्याबद्दल एक ओळ लिहून आणा.

सांजेचं गाणं पुन्हा पाठव, पण मिक्स केलेलं नको. चौघं एका खोलीत बसा, फोन मधे सतरंजीवर ठेवा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता एकदा वाजवा. मधे कुकरची शिट्टी आली तरी चालेल. मला दुसरं कडवं ऐकायचं आहे.

तुझा,
काका