खाद्यपदार्थांच्या गाड्या न हटवता त्यांचं प्रदूषण कमी करता येईल का? सुरुवात प्लास्टिकबंदीपासून करावी का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. सुरुवात पाण्याच्या नळापासून करा. मी सांडपाणी वाहिन्यांच्या देखभालीचं काम करते, त्यामुळे गाड्यांचं जे कुणाला दिसत नाही ते मला रोज बघावं लागतं.

ऐन गर्दीच्या वेळी गाडीच्या मागे जाऊन बघा. तिथे दोन बादल्या असतात. एकीत ताटल्या बुडवायच्या, दुसरीत विसळायच्या. तासाभरात दोन्हींवर तेलाचा तवंग येतो, पण नळ लांब असल्यामुळे पाणी बदललं जात नाही. गिऱ्हाईक ते बघून नाक मुरडतं, आणि मग विक्रेता वापरून फेकायच्या ताटल्या आणतो. त्या ताटल्यांचं मूळ पाणी नसण्यात आहे. अशा ठिकाणी नुसती बंदी घातली की प्लास्टिकच्या जागी कागदी ताटल्या येतात. त्यांतल्या बऱ्याच ताटल्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून त्या गळत नाहीत आणि म्हणूनच धड कुजतही नाहीत. खरकटं लागलेलं असल्यामुळे रद्दीवालाही त्या घेत नाही.

आता त्या बादल्यांचं पुढे काय होतं ते सांगते. गाडी बंद करताना त्या जवळच्या जाळीवर ओतल्या जातात. खाली पावसाळी गटार असेल तर ते पाणी कुठल्याही प्रक्रियेविना नाल्यात जातं. सांडपाण्याची वाहिनी असेल तर तेल आणि चरबी थंड होऊन आतल्या भिंतीला चिकटते. चेंबरचं झाकण काढलं की मेणासारखा करडा थर दिसतो आणि तो पहारीने खरवडावा लागतो. पाण्यातल्या कॅल्शियमशी चरबीचा संयोग होऊन तो आणखी कडक होतो, त्यात केस नि ओले टिशू अडकत जातात. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात अशा गोळ्याने सुमारे २५० मीटर लांबीची वाहिनी तुंबवली होती. त्याचं वजन १३० टनांच्या आसपास होतं. असले गोळे काही गाड्यांमुळेच होतात असं नाही, घरं आणि हॉटेलंही तेच ओततात. पण हॉटेलात चरबी अडवणारी टाकी बसवता येते, एकट्या गाडीला ती परवडत नाही आणि बसवायला जागाही नसते.

म्हणून हे काम एकेका गाडीवर न सोडता गाड्यांच्या रांगेसाठी मिळून करावं लागतं. धुण्याची एक सामायिक जागा करावी: वाहता नळ, खरकटं अडवायला बारीक जाळी आणि पुढे चरबीची टाकी. टाकीचं तत्त्व सोपं आहे. पाणी आत सावकाश येतं, तेल वर तरंगतं, गाळ तळाशी बसतो, मधलं पाणी पुढे जातं. कढत पाणी आणि भरमसाट साबण सोडला तर तेल पाण्यात मिसळून टाकीतून तसंच निसटतं. वरची चरबी आणि तळाचा गाळ मिळून टाकीच्या खोलीचा पाव भाग व्यापला की टाकी उपसायची, असा सर्वसाधारण नियम आहे. ती कोण उपसणार आणि पैसे कोण देणार हे बांधण्याआधी ठरवा. न उपसलेली टाकी असून नसल्यासारखीच, वर सगळ्यांना वाटत राहतं की काम झालं.

कढईतलं उरलेलं तेल वेगळ्या डब्यात गेलं पाहिजे. त्यापासून बायोडिझेल बनतं, पण विक्रेत्याला त्याचे पैसे मिळाले नाहीत तर ते तेल दुसऱ्या कुणाच्या कढईत पुन्हा तापतं, आणि ते आरोग्यासाठी फार वाईट. धुण्याआधी भांडं कागदाने पुसून घेतलं तरी वाहिनीत जाणारी बरीच चरबी वाचते.

धुराचं थोडक्यात: कोळसा नि लाकडाऐवजी गॅस, आणि जनरेटरऐवजी विजेची अधिकृत जोडणी. ओला कचरा मात्र गाड्या बंद होण्याच्या वेळीच उचलला पाहिजे. सकाळच्या फेरीची वाट बघितली तर रातोरात उंदीर आणि कुत्री तो पसरवतात, आणि बोल विक्रेत्याला लागतो.

सिंगापूरचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे १९७७ ते १९८७ या काळात नदी स्वच्छ करताना काठावरच्या फेरीवाल्यांना नळ आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या केंद्रांत हलवलं. त्यातलं घेण्यासारखं म्हणजे नळ आणि जोडणी. नुसतं हलवणं उचललं, तेही जिथे माणसांची वर्दळ नाही अशा ठिकाणी, तर गाड्या पुन्हा जुन्या कोपऱ्यावर येतात. शिवाय उद्या उठवलं जाईल अशी धास्ती असलेला माणूस चांगली शेगडी किंवा धुता येणाऱ्या ताटल्या यांवर पैसे घालणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. जागेचा परवाना आधी, शिस्तीची अट त्यासोबत, असा क्रम मला योग्य वाटतो.

तुम्हाला स्वतःला काही करायचं असेल तर गाड्यांजवळची जाळी पावसाळी गटाराची आहे की सांडपाण्याची, हे प्रभागाच्या अभियंत्याला आधी विचारा. पावसाळी असेल तर तिथे टाकी बांधून भागणार नाही. टाकीतून निघणारं पाणी सांडपाणी वाहिनीला जोडून घ्यावं लागेल. मग विक्रेत्यांना सोबत घेऊन नळजोडणीचा अर्ज करा.